नाताळचं हिरवं कडं घरीच कसं कराल? उसाचं पाचट, सुतळी आणि बांधावरची पानं एवढं सामान पुरे

डिसेंबर लागला की मोबाइलवरच्या खरेदी ॲपमध्ये एक हिरवी गोल वस्तू सारखी समोर येते. दारावर लटकवायचं पानांचं कडं, मधे लाल फीत, बाजूला लाल मणी. इंग्रजीत त्याला 'रीथ' म्हणतात. फोटोत ती पानं देवदाराची वाटतात. पार्सल उघडलं की कळतं, सगळा मामला प्लास्टिकचा आहे.

गोदाकाठच्या पुणतांब्यासारख्या गावात असं कडं मागवायला मुळात ॲपची गरजच नाही. ऊसतोड सुरू असते, शेताच्या बांधावर निलगिरी असते, एखाद्या शाळेच्या किंवा बंगल्याच्या कुंपणाला अशोक असतो. किराणा दुकानात सुतळी मिळते. दोन तासांचं काम आहे. मात्र कोणती पानं घ्यायची, कोणती अजिबात घ्यायची नाहीत आणि तार का वापरायची नाही, हे आधी माहीत असायला हवं. काही चुका घरातल्या लहान मुलांच्या आणि गोठ्यातल्या गाईच्या जिवावर बेतू शकतात.

रीथ म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला शब्द आहे, पण पंचाईत अशी की तो वेगळ्याच प्रसंगाचा आहे. 'पुष्पचक्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हुतात्मा स्मारक येतं, मानवंदना येते. घराच्या दारावर पुष्पचक्र लावा, असं कुणाला सांगून बघा. म्हणून या लेखात आपण सरळ 'हिरवं कडं' म्हणू.

युरोपात कडाक्याच्या थंडीत बहुतेक झाडांची पानं गळून जातात. पाइन, होली अशी मोजकी झाडं तेवढी हिरवी राहतात. त्या हिरव्या फांद्या घरात आणायच्या, दारावर लावायच्या, ही तिथली फार जुनी रीत. पुढे ती नाताळशी जोडली गेली.

चर्चमध्ये दिसणाऱ्या कड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत होते. नाताळ कधी येणार, हे मुलं रोज विचारायची. विखर्न यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान मेणबत्ती पेटवायची, रविवारी मोठी. म्हणजे मुलांसाठीचं कॅलेंडरच. हिरवी पानं त्या चाकाला नंतर आली. आज कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळाच्या चार रविवारांसाठी चारच मेणबत्त्या असतात, बहुधा तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची.

नगर जिल्ह्याशी याचा काय संबंध?

भरपूर आहे. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं, म्हणजे विखर्न यांचं चाक तयार होण्याच्याही आठ वर्षं आधी. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं वास्तव्य नगर आणि राहुरीत होतं. पुणतांब्याच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे, तिथं दर सप्टेंबरला मतमाउलीची मोठी यात्रा भरते. त्यामुळे इथल्या गावागावांत नाताळ ही शहरातल्या मॉलमधून आलेली गोष्ट नाही. 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून येऊन मराठीत मुरला आहे.

मात्र गावाकडच्या नाताळची सजावट म्हणजे प्रामुख्यानं चांदणीचा कंदील आणि येशूजन्माची गव्हाण. कडं तुलनेनं कमी दिसतं आणि दिसतं ते बहुधा विकतचं.

आणखी एक गंमत बघा. नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार असतात. साधारण त्याच दिवसांत मार्गशीर्षातले गुरुवार येतात, तेही बहुतेक वर्षी चारच. तेव्हा घरोघर कलश मांडला जातो आणि त्यात पाच झाडांच्या डहाळ्या लावल्या जातात. दुसऱ्या दिवशी त्या डहाळ्या घरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवायची पद्धत आहे. म्हणजे थंडीच्या तोंडावर ताजी हिरवी पानं घरात आणणं या गावाला शिकवायला नको. पानं कुठं मिळतात हे बायकांना पाठ असतं. फक्त ती गोल बांधायची कशी, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचंही अर्धं उत्तर गावात आहे.

पाया म्हणजे मोठी चुंबळ

डोक्यावर हंडा किंवा पाटी घेताना खाली ठेवतात ती चुंबळ. कापडाची असते, गवताचीही असते. हिरव्या कड्याचा पाया म्हणजे तीच चुंबळ, आकारानं मोठी. परदेशात हे काम गव्हाच्या काडानं करतात. आपल्याकडे डिसेंबरात गहू अजून हिरवा असतो, पण उसाचं पाचट हवं तेवढं मिळतं. गळीत हंगाम जोरात असतो, तोड झालेल्या फडात पाचटाचा थर पडलेला असतो. शेतमालकाला विचारून दोन मुठी आणा.

पाचटाचं पान साधारण मीटरभर किंवा त्याहून लांब असतं. आपल्याला लागणारा गोल नेमका तेवढ्यात बसतो. पानाची कड करवतीसारखी असते, हाताला चिरे पडतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मिळाले तर हातमोजे घाला. ऊसतोड मजुरांचे हात बघितले असतील तर हे वेगळं सांगायला नको.

कोरडं पाचट वळवलं की तुटतं. म्हणून त्यावर पाणी शिंपडा आणि अर्धा तास ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मऊ पडलं की मनगटाएवढी जाड जुडी करा. पानांची बुडं सगळी एका जागी येऊ देऊ नका, पुढं-मागं ठेवा. नाहीतर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असं कडं होतं. आता स्वयंपाकघरातलं एक वीत रुंद पातेलं पालथं घाला, त्याभोवती जुडी फिरवा, टोकं एकमेकांवर वीतभर चढवा आणि सुतळीनं गुंडाळत चला. दर दोन बोटांवर एक वेढा. पूर्ण झालं की पातेलं काढून घ्या.

हा पाया एक दिवस उन्हात वाळू द्या. ओल्या पाचटावर पानं बांधली तर आतून बुरशी धरते आणि चार दिवसांत कुबट वास येतो.

पाचट मिळत नसेल तर बांबूची कामटी वाकवून गोल करता येतो. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीच्या काड्या पडलेल्या असतील तर त्या एकमेकींत गुंफूनही छान पाया होतो, पण वाळलेल्या असतील तर आधी रात्रभर पाण्यात बुडवा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच नसतं. तिथं जुन्या सुती साडीचा पीळ भरून केलेली चुंबळ चालते.

थर्माकोलची तयार रिंग घेऊ नका. एक तर ती मोडली की कण घरभर होतात. दुसरं म्हणजे २०१८ मध्ये राज्यानं केलेल्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं होतं. बाजारात ते अजून दिसतं, ही गोष्ट निराळी.

किती पानं लागतील? थोडं गणित

इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला एवढी मुभा द्या. बाहेरचा व्यास ३० सेंटीमीटर आणि जाडी ४ सेंटीमीटर धरली, तर कड्याच्या मधोमध फिरणाऱ्या गोलाचा व्यास २६ सेंटीमीटर. घेर साधारण ८२ सेंटीमीटर. दर ५ सेंटीमीटरला पानांची एक रांग लावायची म्हटलं तर १६ रांगा. प्रत्येक रांगेत तीन छोट्या जुड्या असतात: एक आतल्या बाजूला, एक वर आणि एक बाहेर. म्हणजे ४८ जुड्या.

एका जुडीत तीन-चार बारीक डहाळ्या, टाचणीपासून मोठ्या बोटापर्यंत नाही, तर तळहाताएवढ्या लांब. एका जुडीचं वजन १५ ग्रॅमच्या आसपास धरलं तर एकूण पाऊण किलोपेक्षा थोडी कमी पानं होतात. एक मध्यम पिशवी भरते. म्हणजे झाड ओरबाडायची गरज नाही.

सुतळी? पाया गुंडाळायला साडेतीन मीटर. प्रत्येक जुडीला दोन वेढे आणि एक वेढा साधारण १८ सेंटीमीटरचा धरला तर आणखी १७ मीटर. थोडी वाया जाणार. २५ मीटरचा गुंडा घ्या. मात्र दुकानात 'सुतळी' म्हणून हल्ली प्लास्टिकचीही देतात, ती चकाकते आणि हातातून निसटते. तागाची मागा. तिला खरखरीत पीळ असतो, त्यामुळे गाठ सुटत नाही.

कोणती पानं टिकतात?

तोडलेलं पान लगेच मरत नाही. पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर जातच राहतं, फक्त मुळाकडून नवं पाणी येत नाही. ज्या पानावर मेणासारखा जाड थर असतो ते पाणी हळू सोडतं आणि जास्त दिवस हिरवं राहतं. पान हातात घेऊन दुमडा. कडक, चामड्यासारखं लागलं आणि वरून चकाकत असलं तर घ्या. रेशमासारखं मऊ लागलं तर ते दुसऱ्या दिवशी मान टाकणार.

नगर-नाशिककडची डिसेंबरची हवा हे पानांसाठी दुधारी शस्त्र आहे. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. दर वर्षी निफाड आणि नगरच्या किमान तापमानाची बातमी आमच्या डेस्कवर हमखास असते. थंडीत पान टिकतं. पण हवा कोरडी असते आणि दुपारचं ऊन कडक, त्यात ते सुकतं.

निलगिरी हा या पट्ट्यातला सर्वांत भरवशाचा पर्याय. पान करडं-हिरवं, वास छान आणि सुकलं तरी रंग फारसा बिघडत नाही, गळतही नाही. जगभरच्या फुलवाल्यांकडे कड्यांसाठी निलगिरीला मागणी असते ती याचसाठी. अशोकाचं (काही जण आसुपालव म्हणतात) लांब नागमोडी पान गोल बांधायला सोपं, आठवडाभर टिकतं आणि झाडाला डहाळ्या भरपूर असतात.

परदेशी फोटोतल्या सुईसारख्या पानांची हौस असेल तर दोन झाडं शोधा. एक सुरू. हे खरं पाइनच्या कुळातलं नाहीच. आपल्याला सुया वाटतात त्या हिरव्या बारीक काड्या आहेत आणि पानं म्हणजे त्या काड्यांच्या सांध्यांवरचे इवलेसे खवले. दुसरी मोरपंखी, जी शाळेच्या, पोस्टाच्या नाहीतर बँकेच्या आवारात एक तरी असतेच. ती मात्र अस्सल सूचीपर्णी वर्गातली. तिच्या चपट्या डहाळ्या कड्यावर इतक्या सुंदर बसतात की निम्मं कडं तिचंच करावं. फक्त तिची पानं शेळीपुढे टाकू नका.

चिकू आणि वडाची पानं टिकतात, पण मोठी असतात, एकेक करून लावावी लागतात. पेरूचं पान दोन दिवसांत वळतं. राहाता तालुका पेरूच्या बागांसाठी ओळखला जातो म्हणून ते वापरायचा मोह होईल, पण कड्यात पेरूचं फळ शोभतं, पान नाही. कडुनिंब तर विसराच. त्याची बारीक पानं दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर पडलेली दिसतात. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या वासासाठी खोचायला चांगल्या.

आंब्याची डहाळी तोडण्याआधी थांबा

तोरण म्हटलं की आंबा, हे आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की कड्यासाठीही पहिला हात आंब्याकडेच जातो. पान उत्तम आहे, प्रश्न महिन्याचा आहे.

आंब्याला मोहर फांदीच्या टोकाला येतो. आपल्याकडे नोव्हेंबरअखेरीपासून तो धरायला लागतो आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतो. डिसेंबरात तुम्ही टोकाची वीतभर डहाळी मोडली तर फक्त पानं तोडलेली नसतात, तो मोहर आणि पर्यायानं त्या टोकाचे आंबे तोडलेले असतात. दसऱ्याला पानं काढणं वेगळं आणि नाताळात काढणं वेगळं. कड्याला ४८ जुड्या लागतात हे आपण वर बघितलंच. सगळ्या आंब्याच्या टोकांच्या घेतल्या तर किती मोहर गेला, याचा हिशेब ज्याची बाग आहे तो लगेच करेल.

आंबा हवाच असेल तर टोक सोडून मागची एकेक पानं देठासकट खुडा, तीही खालच्या, आतल्या, सावलीतल्या फांद्यांची. अशी पाच-पाच पानं एकावर एक ठेवून देठाशी बांधली की जुडी तयार होते. आणि झाड दुसऱ्याचं असेल तर विचारून. गावात पानांवरून भांडण होत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं मार्गशीर्षातल्या बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी आंब्याखाली जाऊन बघावं.

बांधायचं कसं?

पानं आदल्या दिवशी संध्याकाळी तोडा. देठांची टोकं तिरकी कापून रात्रभर बादलीभर पाण्यात उभी ठेवा. पान पोटभर पाणी पिऊन घेतं आणि पुढचे तीन-चार दिवस टवटवीत राहतं. ही एक पायरी टाळली तर बाकी सगळं नीट करूनही कडं लवकर सुकतं.

सकाळी डहाळ्या झटकून पुसा आणि ४८ जुड्या आधीच करून ओळीनं मांडा. बांधायला बसल्यावर मधेच जुडी करत बसलं की हातातली सुतळी सैल पडते.

सुतळीचं टोक पायाला घट्ट गाठ मारून बांधा आणि ती शेवटपर्यंत कापू नका. अखंड सुतळी हीच या कामाची खरी युक्ती आहे. पहिली जुडी वर ठेवा, देठावरून दोन वेढे घाला, ओढा. दुसरी आतल्या बाजूला, तिसरी बाहेरच्या. मग पाच सेंटीमीटर पुढं सरका. पुढच्या रांगेची पानं मागच्या रांगेच्या देठांवर आणि सुतळीवर पडली पाहिजेत, कौलं एकावर एक चढतात तशी. सगळ्या जुड्यांची तोंडं एकाच दिशेला. घड्याळाच्या दिशेनं की उलट, हे तुमच्या हाताच्या सवयीवर सोडा.

शेवटच्या रांगेला पहिल्या रांगेची पानं हळूच उचला, देठ त्यांच्याखाली सारा आणि बांधा. सांधा कुठं आहे ते दिसलं नाही म्हणजे जमलं. दिसला तरी काही बिघडत नाही, तिथंच फीत किंवा फळ बांधतात.

वेढे दाताखाली जीभ येईपर्यंत ओढून घट्ट घाला. ताजा देठ पाण्यानं फुगलेला असतो. तीन-चार दिवसांत तो सुकून बारीक होतो आणि आज घट्ट वाटणारा वेढा तेव्हा सैल पडतो. कड्यातून जुड्या निसटायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लाल रंग कुठून आणायचा? गुंज नको

हा भाग नीट वाचा.

परदेशी कड्यावर होलीची लाल फळं असतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी, टपोरी, चकचकीत लाल गोष्ट शोधली तर झुडपात दोन सापडतात: गुंज आणि एरंडाची लालसर काटेरी बोंडं. दोन्ही दिसायला देखण्या, दोन्ही विषारी. गुंजेच्या बीत ॲब्रिन आणि एरंडाच्या बीत रायसिन असतं. गुंजेचं कवच टणक असल्यानं अख्खी बी गिळली गेली तर कधी कधी तशीच बाहेर पडते. पण बी चावली किंवा मण्यासारखी ओवायला तिला भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं. सजावटीसाठी नेमकं तेच केलं जातं. कड्यातून पडलेली लाल बी रांगतं मूल तोंडातच घालणार. मुलानं अशी बी चावल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, उरलेली बी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

कण्हेर हा दुसरा मोह. बंगल्याच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकाला ती सगळीकडे असते, पान चामड्यासारखं आणि टिकाऊ. आपल्या वरच्या परीक्षेत ती पहिल्या नंबरानं पास होईल. पण तिचं पान, फूल, काडी सगळंच हृदयावर परिणाम करणारं विष आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तशीच. सुकलं म्हणून विष जात नाही. घाणेरी आणि रुईलाही लांब ठेवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते.

मग लाल काय लावायचं? वाळलेली लाल मिरची. घरात आहेच. पाच-सहा मिरच्यांचे देठ एकत्र बांधले की लांबून फुलासारखं दिसतं. डिसेंबरात बोरं पिकायला लागतात, ती काडीसकट मिळाली तर फारच छान. बागेत वाया गेलेली लिंबाएवढी डाळिंबं वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं चालतात, त्यांचा मुकुट तर आयता नक्षीदार असतो. बाजरीची कणसं खोचा. शिर्डी जवळ असल्यानं या पट्ट्याला फूलशेती नवी नाही, तेव्हा झेंडू-शेवंती मिळायला अडचण नाही, पण फुलं दर दोन दिवसांनी बदलावी लागतील. बर्फाचा आभास हवा असेल तर उमललेली कपाशीची बोंडं लावा. थर्माकोलच्या चुऱ्यापेक्षा ती कितीतरी खरी दिसतात.

तार का नको?

यूट्यूबवरच्या जवळपास प्रत्येक व्हिडिओत जुड्या बारीक हिरव्या तारेनं बांधतात. काम झटपट होतं, वेढा सैलही पडत नाही. शहरात तार वापरली तर फार बिघडणार नाही. पण राहाता, कोपरगाव, संगमनेर हा दुधाचा पट्टा आहे. सण झाला की कडं कुठं जातं? उकिरड्यावर किंवा थेट गोठ्यामागे.

गाय चारा निवडून खात नाही. जिभेनं ओढते आणि फारसं न चावता गिळते, रवंथ नंतर. त्यात तारेचा तुकडा असेल तर तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो. हा कप्पा हृदयाच्या अगदी जवळ असतो. पोट आकुंचन पावलं की तार भिंतीत घुसते आणि पुढं हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकते. जनावर चारा सोडतं, दूध घटतं, पाठ कमान करून उभं राहतं. परदेशात काही ठिकाणी यावर उपाय म्हणून गाईच्या पोटात लोहचुंबकच सोडतात. आपल्याला साधा उपाय आहे, तारच वापरू नका. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिनाही नकोत.

मेणबत्ती लावायची असेल तर

दारावर टांगायच्या कड्याला मेणबत्ती नसतेच. टेबलावर आडव्या ठेवायच्या कड्यात चार मेणबत्त्या लावतात. निलगिरीच्या पानात तेल असतं, पाचट वाळलेलं असतं आणि कापूस तर वातच आहे. म्हणजे या तिन्हींमध्ये ज्योत ठेवणं हे चूल पेटवण्यासारखं झालं.

पितळी किंवा स्टीलच्या परातीत वाळू पसरा, चारही मेणबत्त्या मधल्या मोकळ्या जागेत वाळूत रोवा आणि कडं परातीच्या बाहेरून ठेवा. अशा कड्यावर कपाशीची बोंडं लावू नका. ज्योत पानांच्या वर किमान वीतभर राहिली पाहिजे, मेणबत्ती तेवढी उतरली की बदला. खोलीतून कुणी बाहेर जाताना ती विझवायचीच. सेलवरचे छोटे दिवे लावले तर ही सगळी कटकट वाचते. मात्र विजेवरची स्वस्त दिव्यांची माळ ओलं पाणी फवारलेल्या पानांवर गुंडाळू नका.

किती दिवस टिकेल आणि नंतर काय?

जागेवर अवलंबून आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. पुणतांब्याच्या अक्षांशावर भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सावलीत असणारं दक्षिणेचं दार आता उन्हात येतं, पडवी असली तरी. दार उत्तरेला असेल तर कडं आरामात आठ-दहा दिवस हिरवं राहील. दक्षिणेला असेल तर दुपारी उतरवून आत ठेवा. रोज संध्याकाळी पाण्याचा फवारा मारा, भिजवू नका.

२५ तारखेला ताजं दिसायला हवं असेल तर पाया आधी करून ठेवा आणि पानं २२ किंवा २३ तारखेला बांधा. महिनाभर टिकवायचं असेल तर निलगिरीच्या डहाळ्या ग्लिसरीनवर ठेवायची युक्ती आहे. मेडिकलमध्ये मिळणारं ग्लिसरीन एक भाग आणि कोमट पाणी दोन भाग, त्यात ठेचलेले देठ दोन-तीन आठवडे उभे. पाण्याच्या जागी ग्लिसरीन पानात शिरतं, रंग तपकिरीकडे झुकतो, पण पान चुरगळत नाही. असं कडं पुढच्या वर्षीही निघतं.

प्लास्टिकचं कडं टिकतं, हा त्याचा फायदा सांगितला जातो, आणि तो खराही आहे. पण त्यातली बरीच पीव्हीसीची असतात. गावात कचरा शेवटी पेटवलाच जातो आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सोडतं. तुमच्याकडे आधीच असं कडं असेल तर फेकू नका, वर्षानुवर्षं वापरा. नवं घेऊ नका, एवढंच.

पानांचं कडं सुकलं की मिरच्या, डाळिंबं, फीत आणि दिवे आधी काढून घ्या. सुतळी एका टोकानं ओढत उलगडली तर अखंड निघते, ती गुंडाळून ठेवा. पानं झाडाच्या आळ्यात पसरा. निलगिरीची मात्र रोपांपासून लांब टाका, ती कुजायला वेळ घेतात. पाचटाची चुंबळ चांगली असेल तर खुंटीवर टांगून ठेवा, पुढच्या डिसेंबरला कामाला येईल. मधल्या काळात तिच्यावर माठ ठेवायलाही हरकत नाही.